श्री नसलेलं कार्ड

अक्काला मी दर आठवड्याला एक कार्ड टाकायचो. ती मुखेडच्या पलीकडं एका खेड्यात दिलेली, मी नांदेडला कॉलेजच्या वसतिगृहात, आणि आई-बाबा औशाजवळ आमच्या गावी. मी घर सोडताना बाबांनी कोऱ्या कार्डांची एक चळत पिशवीत घातली आणि सांगितलं, बहिणीला पत्र टाकत जा, तिला तिकडं आपलं असं कुणी नाही.

कार्डं मी इमानानं टाकली. पण लिहायचं काय, हा प्रश्न तिसऱ्याच आठवड्यात पडला. मी ठीक आहे, जेवण ठीक आहे, अभ्यास चालू आहे. यापुढं काही सुचेना. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. तिथलं जे नवं वाटायचं ते कसं सांगावं हे कळत नव्हतं, आणि सांगितलं तर ती फुशारकी वाटेल अशी भीतीही होती.

मग एकदा मी वाचत असलेल्या पुस्तकातला तुकडाच उतरवून पाठवला. समुद्राचं वर्णन होतं. त्यात संध्याकाळी माणसं पाण्याकडं पाठ करून शेंगा खात बसतात, असं एक वाक्य होतं. समुद्र मी पाहिलेला नव्हता आणि अक्कानं तर नव्हताच. पंधरा दिवसांनी तिचं उत्तर आलं. तिरक्या, एकमेकांवर चढलेल्या अक्षरांत तिनं विचारलं होतं की इतक्या पाण्याकडं पाठ करून बसणारी माणसं खरी असतात का, की पुस्तकातलीच.

मोठ्या दुष्काळाच्या साली ती चौथीत होती. आईबरोबर खडी फोडायला जाऊ लागली आणि तिची शाळा सुटली ती सुटलीच. पुढं मी शाळेत जायला लागलो तेव्हा ती चुलीपुढं भाकरी थापायची आणि मी तिच्याजवळ बसून मोठ्यानं धडा वाचायचो. एखादं वाक्य आवडलं की तिचा हात थांबायचा. "तेवढं परत वाच, तम्मा," म्हणायची. धाकट्या भावाला आमच्याकडं तम्मा म्हणतात. मी परत वाचायचो आणि तव्यावरची भाकरी करपायची. बोलणी आम्हा दोघांनाही बसायची.

त्या एका उत्तरानंतर मी पुस्तकं वेगळ्या रीतीनं वाचू लागलो. वाचनालयातल्या लांब बाकावर बसलो की डोळे अक्काच्या वाक्याचा शोध घ्यायचे. कुठं तिचा हात थांबला असता, ते मला बहुतेक वेळा कळायचं. त्या पानाला मी कागदाची चिटोरी घालायचो. पुढचं वाचायचं कधी कधी राहूनच जायचं.

तिच्या सासऱ्यांचं गावात किराणा दुकान होतं. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, बोलणं मोजकं. गावाची डाक त्यांच्याच दुकानात उतरायची. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. सुनेचं कार्ड आलं की मामा ते आधी दुकानात बसलेल्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि मग आत धाडायचे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. कार्ड म्हणजे उघडंच पत्र. अक्का पोत्यांच्या मागच्या दारात उभी राहून ऐकायची आणि नंतर स्वतः एकेक अक्षर लावून पुन्हा वाचायची. समुद्राचं कार्ड दुकानात दोनदा वाचलं गेलं, हे तिनंच कळवलं होतं.

कार्डांवर एवढं सगळं चालायचं. ती मात्र घरी येत नव्हती. त्या वर्षी पाऊस नव्हताच. पंचमीला तिला धाडलं नाही, दिवाळीलाही नाही. मामांचं म्हणणं सरळ होतं. टँकर कधी येईल याचा नेम नाही, सासूचे गुडघे गेलेले, मग पाणी कोण भरणार? बाबा दोनदा आणायला गेले आणि दोनदा चहा पिऊन परत आले. अक्काची तक्रार नव्हती. लातूरचा जिल्हा नुकताच झाला होता, तेव्हा तिनं एवढंच लिहिलं होतं की माझं माहेर माझ्यामागं जिल्हा बदलून बसलं, आता मी आले तर घर सापडेल का. बाबांना पाठवायच्या कार्डावर ती जिल्हा उस्मानाबादच लिहायची. बाबांनी सांगूनही तिनं ते बदललं नाही.

होळी झाल्यावर माझ्या हाती एक कादंबरी आली. पुस्तक वाचनालयातच बसून वाचायचं होतं आणि माझ्यामागं एक जण त्यासाठी थांबलेला होता. त्यात एका मुलानं आईच्या मरणाबद्दल सांगितलेलं होतं. पहाटे आई गेली तेव्हा परातीत पीठ मळलेलं तसंच होतं, अशी सुरुवात होती. त्या पिठाचं काय करावं हे घरात कुणालाच कळेना. बापानं परातीवर ताट झाकलं, मग काढलं, मग पुन्हा झाकलं. उतारा लांब होता. मला तो सगळाच्या सगळा अक्काला द्यायचा होता. म्हणून मी कार्डाच्या अगदी वरच्या कडेपासून बारीक अक्षरात सुरुवात केली. मायना गाळला. एका पुस्तकात असं आहे, हे नेहमीचं वाक्य शेवटी लिहीन म्हणून ठेवलं, आणि शेवटी जागाच उरली नाही. वर श्री लिहायचाही राहिला. खरं सांगायचं तर नुसता राहिला नाही. वसतिगृहातली काही मुलं पत्रावर श्री लिहिणाऱ्यांना हसायची, ते वारं मलाही थोडं लागलं होतं.

आमच्याकडं मरणाच्या पत्रावर श्री लिहीत नाहीत. हे मला पुरतं ठाऊक होतं, पण कार्ड पेटीत टाकताना एकदाही आठवलं नाही.

पुढचं मी तुकड्यातुकड्यांनी ऐकलं. दुकानात मामांनी कार्ड हातात घेतलं, वर श्री नाही हे पाहून त्यांचा चेहरा बदलला. पहिल्या दोन ओळी त्यांनी मोठ्यानं वाचल्या आणि पुढं वाचलंच नाही. आत अक्का ओरडली. शिक्का नांदेडचा आहे, मुलगा आईपाशी नव्हताच, हा विचार कुणी केला नाही. अशुभ पत्र पुन्हा पाहत नाहीत, घरात ठेवत नाहीत. मामांनी ते तिथंच फाडलं, दुकानाला कुलूप घातलं, आणि अक्का, तिचा नवरा आणि मामा मिळेल त्या गाडीनं लातूरला, तिथून औशाला आणि पुढं पायी आमच्या गावी पोचले.

घराचं दार ओढून घेतलेलं. आत कुणी नाही. सगळं उरकून माणसं मातीहून अजून परतायची असतील असं वाटून अक्कानं उंबऱ्यावरच टाहो फोडला. वेशीपाशी टँकर आला होता. लातूर जिल्ह्याचं नाव त्यावर ताज्या रंगानं घातलेलं, खालचं जुनं नाव अजून दिसत होतं. त्या रांगेत आमची आई उभी होती. आमच्या आळीतून रडणं ऐकू आलं तशी आख्खी रांग मोडून बाया पळत सुटल्या. आईही डोक्यावरची घागर सावरत धावत आली आणि गर्दीत मागून विचारू लागली, कोण गेलं गं, कोण गेलं? अक्कानं वर पाहिलं. आईच्या घागरीतलं पाणी सांडलं, तेवढ्याचं आईला नंतर आठ दिवस वाईट वाटत होतं.

मला बाबांचं कार्ड आलं. त्यावर एकापुढं एक तीनदा श्री काढलेला होता. खाली दोनच ओळी होत्या: तुझी बहीण आली आहे, सर्व खुशाल, असशील तसा ये.

मी पोचलो तोवर मामा आणि दाजी परत गेले होते. लाजेकाजेनं म्हणा की आईकडं बघून म्हणा, मामा निघताना बोलले होते की आलीच आहे तर राहू द्या आठ दिवस. बाबा माझ्याशी बोलले नाहीत. आई म्हणाली, "ये. तुझी मेलेली आई भाकरी वाढती, खाऊन घे." आळीतल्या बायांनी तेवढ्यात तिचं नाव बदलून टाकलं होतं. परत आलेली म्हणत.

अक्का भिंतीला टेकून बसली होती. ती वाळली होती आणि पाणी ओढून ओढून तिच्या तळहातांना घट्टे पडले होते. मी पिशवी खाली ठेवली. चूक झाली, एवढंच कसंबसं म्हणालो. तिनं भलतंच विचारलं.

"त्या पिठाचं काय केलं रं मग?"

मी सांगितलं की मला माहीत नाही, तेवढंच वाचलं होतं, पुस्तक दुसऱ्यानं घेतलं. तिला ते पटेना. म्हणाली, गाडीत सगळ्या वाटेनं तिच्या डोळ्यापुढं आई नव्हती, ती परातच होती. आपल्या घरात तसंच पीठ पडलं असेल, बाबांना उचलता येणार नाही, आपण पोचलो की आधी तेवढं करायचं, असं ती मनाशी घोकत आली होती.

"केल्या असतील भाकरी," मग तीच म्हणाली. "माणूस गेलं म्हणून पीठ कोण टाकतंय? खाताना रडले असतील, पण खाल्ल्या असतील."

ते आठ दिवस ती फार झोपली. दुपारी झोपायची, संध्याकाळी आईनं उठवलं तरी कूस बदलून पुन्हा झोपायची. पाण्याला तिला आईनं जाऊ दिलं नाही, मीच जात होतो. मधल्या वेळात ती मला वाचायला सांगायची. मी बरोबर पुस्तक आणलं नव्हतं, म्हणून पाठ असलेले उतारे सांगायचो, आणि अडलो की तीच पुढचं सांगायची. माझी कार्डं तिला तोंडपाठ होती.

आठव्या दिवशी मामा न्यायला आले. चहा झाला. मी समोर खाली मान घालून बसलो होतो.

"पाव्हणं," ते म्हणाले, "शिका तुम्ही, लई शिका. पण कार्डावर आधी श्री काढायचा. त्याच्याखाली लिहायचं, हे पुस्तकातलं हाय. त्याच्याखाली लिहायचं, घरी समदे खुशाल हायेत. मग काय मारायचं ते मारा."

मी हो म्हणालो. ते उठले, चपला घातल्या आणि दारात अडखळले. आवाज उतरवून त्यांनी विचारलं की त्या पिठाचं पुढं काय झालं, दुकानात माणसं विचारून राहिलीत. मी वाचून कळवतो म्हणालो.

औशाच्या स्टँडवर मी दोघांना सोडायला गेलो. मामा तिकिटाचं विचारायला पुढं गेले. अक्का खिडकीशी बसली होती, गठुळं मांडीवर होतं. तिनं मला जवळ बोलावलं.

"तम्मा, पुन्हा एकदा श्री विसर की."

ती हसत होती. मीही हसायला गेलो आणि मग तिच्या तोंडाकडं नीट पाहिलं. गाडी सुटली.

नांदेडला येऊन मी ते पुस्तक पुन्हा मिळवलं आणि दोन दिवसांत शेवटपर्यंत वाचलं. मुलगा मोठा होतो, शहरात जातो, बाप पुन्हा लग्न करतो. पिठाचा उल्लेख पुढं कुठंही नाही. तसं मी कळवलं, वर श्री काढून, पुस्तकातलं आहे असं लिहून, घरी सगळे खुशाल असं लिहून. दुकानात त्यावर बरेच दिवस वाद झाला म्हणे. मामांचं मत पडलं की लिहिणाराला स्वयंपाकघर ठाऊक नसावं.

त्यानंतरही उतारे जात राहिले, पण तीन ओळी आधीच गेल्यावर उरलेल्या जागेत फारसं मावत नसे. मी लहान उतारे शोधू लागलो. पुढच्या पंचमीलाही तिला धाडलं नाही. तेव्हाही पाऊस रुसलेलाच होता आणि सासूचे गुडघे तसेच होते.

त्या पंचमीच्या आधी मी वाचनालयाच्या बाकावर कार्ड पुढं घेऊन बसलो होतो. उतारा निवडलेला होता. एक बाई गावाबाहेरच्या रस्त्यावर कुणाची तरी वाट पाहत बसते, एवढाच. कार्डाच्या वरची कड कोरी होती. तिथं काही न लिहिता मी उताऱ्यालाच सुरुवात केली असती तर अक्का परवापर्यंत आईपाशी पोचली असती. वाट पाहणारी बाई वाचून कुणी फसलं नसतं, त्यासाठी मला दुसरं, मरणाचं काहीतरी शोधावं लागलं असतं. ते कुठल्या पुस्तकात, कुठल्या पानावर आहे हेही मला माहीत होतं. पहिल्या वेळी ती चूक होती. आता आईला मी जाणूनबुजून मारलं असतं, कागदावर का होईना.

मी श्री काढला. खाली लिहिलं, हे पुस्तकातलं आहे. घरी सगळे खुशाल आहेत.

तिचं उत्तर पंचमी होऊन गेल्यावर आलं. उताऱ्याबद्दल त्यात काहीच नव्हतं, ती बाई कुणाची वाट बघत होती तेही तिनं विचारलं नव्हतं. तिरक्या अक्षरांत एकच ओळ होती. तुझा श्री पोचला.