जास्तीत जास्त शेअर करा

आमच्या घरात शेअर म्हणजे एकच वस्तू होती. बाबांच्या लोखंडी पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला मच्छीमार सोसायटीचा कागद. तो ज्याच्या नावावर, त्यालाच गावच्या तलावात जाळं टाकायचा हक्क. बाबा गेल्यावर कागद भावाच्या नावावर झाला. तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा.

मी तेव्हा बल्लारपूरला कॉलेजात शिकत होते. शेअर बाजार हा शब्द तिथं पहिल्यांदा ऐकला आणि सुट्टीत घरी येऊन भावाला मोठ्या तोऱ्यात समजावून सांगितला. तो जाळ्याची फाटकी बाजू विणत होता. मान वर न करता म्हणाला, "आपला शेअर तं पान्यावर चालते बाई. तलाव भरला का वर, आटला का खाली." माय इतकी हसली की तिला ठसका लागला.

पुढं लागोपाठ दोन वर्षं तलाव नीट भरला नाही. भाऊ सूरजागडच्या लोहखाणीकडं मजुरीला जाऊ लागला. पहाटे मोटरसायकलनं निघायचा आणि संध्याकाळी लाल धुळीनं माखून परत यायचा.

मला बल्लारपुरातच एका दुकानात काम मिळालं होतं. त्या सकाळी मी स्टेशनवरून शेअर ऑटोत बसले. आम्ही सहा बायका, मांडीवर डबे. फोन वाजला म्हणून पाहिलं. तालुक्याच्या एका ग्रुपवर फोटो आला होता. खाली लिहिलं होतं, 'आलापल्ली रोडवर अपघात. ओळख पटवा. जास्तीत जास्त शेअर करा.'

तोंड दिसत नव्हतं. शर्ट दिसत होता. निळा, चौकटीचा. दिवाळीला मीच घेऊन दिलेला.

मी भावाला फोन लावला. लागला नाही. शेजारच्या काकूंना लावला. त्यांनी उचलला, पण नुसत्या रडू लागल्या. मी एवढंच विचारलं, "मायले सांगतलं का?"

"नाई व बाई. कोनाची हिंमतच नाई होऊन राह्यली."

तिथूनच बस पकडली. दोन तास फोन वाजत राहिला. तोच फोटो वेगवेगळ्या लोकांकडून येत होता. एकानं तर मलाच लिहिलं होतं, पुढं पाठवा म्हणून.

घरी पोचले तेव्हा माय अंगणात झिंगे वाळत घालत होती. गल्लीतल्या दारादारांत लोक उभे होते, पण आमच्या अंगणात कोणी नव्हतं. मला पाहून ती म्हणाली, "आज कशी काय आली? दुकान बंद हाये का?"

मी तिच्याजवळ खाली बसले. म्हटलं, "माय, भाऊ गेला."

तिनं हातातले झिंगे नीट पसरले. मग विचारलं, "तुले कोनं सांगतलं?"

मी हातातला फोन ओढणीखाली लपवला.

त्याला कोणत्या गाडीनं उडवलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. तेरवी झाली. सोसायटीतली दोन वडीलधारी माणसं येऊन मायचा अंगठा घेऊन गेली, कागद तिच्या नावावर झाला. मीही कामावर परत गेले.

दोन महिन्यांनी मी सुट्टीला आले, तेव्हा जेवताना माय म्हणाली, "मले तो फोटो दाखव."

"मी काढून टाकला," मी खोटं बोलले.

"साऱ्या गावानं पाह्यला. मी त्याची माय हावो. मंग मीच काऊन नाई पाहू?"

मी फोन तिच्या हातात दिला. तिनं तो डोळ्यांजवळ नेला. रडली नाही. बराच वेळ पाहून म्हणाली, "याच्या एका पायात चप्पल नाई."

खरंच नव्हती. तो फोटो मी कितीदा पाहिला होता, पण पायांकडं माझं लक्षच गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बसनं अपघात झाला त्या वळणावर जाऊन उतरलो. माय रस्त्याच्या एका कडेनं चालली, मी दुसऱ्या. झुडपं बाजूला केली, नालीत वाकून पाहिलं. ट्रक जात होते, धूळ उडत होती. दुपारपर्यंत शोधलं. चप्पल सापडली नाही. मग मायनं लुगड्याच्या पदरानं माझं तोंड पुसलं आणि आम्ही परतीच्या बसची वाट पाहत पळसाखाली बसून राहिलो.