वहिनी हजेरी घेते

मेहकरच्या बसस्टँडमागे माझ्या वहिनीच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. भावंडांत ती थोरली. दुकानाच्या पत्र्याच्या दारावर खडूनं लिहून ती धाकट्यांना पाढे शिकवायची, आणि पंक्चर काढायला आलेलं गिऱ्हाईकही म्हणे तिच्या धाकानं सोबत पाढे म्हणायला लागायचं. लग्नाच्या बैठकीत तिच्या वडिलांनीच हे कौतुकानं सांगितलं. माझ्या आईला मुलगी जरा भारीच वाटली. मला मात्र ती तिथंच आवडून गेली.

बारावीनंतर तिनं डी.एड. केलं आणि ते हातात पडतं न पडतं तोच शिक्षकभरती बंद झाली. तेव्हा आमच्या भागात डी.एड. झालेली पोरं-पोरी घरोघरी भरतीची वाट बघत बसलेली होती. वहिनी लग्न होऊन सुलतानपूरजवळच्या आमच्या गावात आली आणि विळा घेऊन सोयाबीन सोंगायला लागली. बांधावर जेवणं झाली की बाकीच्या बाया आडव्या व्हायच्या, ही पात्रता परीक्षेचं पुस्तक उघडायची. बाया चिडवायच्या, "कलेक्टर होतं का वो आता?" ती हसायची, पण पुस्तक मिटायची नाही. तिच्या जागी मी असते तर एखादीला विळाच दाखवला असता.

पुढे भरती उघडल्यावर ती रीतसर कायम झाली. मी सांगतेय ते त्याआधीचं.

एवढी करारी बाई, पण सासरचे रिवाज तिनं काटेकोर पाळले. आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव तोंडातून काढत नाही. माझ्या बाबांचं नाव एका देवाचं, आणि तो देव नेमका आमच्या देव्हाऱ्यात. वहिनी त्यालाही "ते कोपऱ्यातले देव" म्हणायची. देवानं कधी तक्रार केली नाही.

गावच्या शाळेतले एक गुरुजी निवृत्त झाले, जागा काही भरेना, तेव्हा तिथं वहिनीची तात्पुरती नेमणूक झाली. बाबांनी स्वतः पेढे वाटले. पहिल्या दिवशी तिनं हजेरी घ्यायला सुरुवात केली आणि मधेच थांबली. दुसरीच्या वर्गातल्या एका मुलाचं नाव आणि बाबांचं नाव एकच होतं. तिनं त्याच्याकडे नुसता हात केला, "तू रे, खिडकीजवळचा, आलास ना?" आणि पुढचं नाव घेतलं. तिला वाटलं, निभावलं.

खेड्यातल्या पोरांना एकवेळ पाढे येणार नाहीत, पण कोणाची सून कोणाचं नाव घेत नाही हे पक्कं ठाऊक असतं. मधल्या सुटीपर्यंत त्या पोराचं नवं बारसं होऊन गेलं, 'मॅडमचा सासरा'. "सरका बे, सासरे आले!" "सासरेबुवा, खिचडी घ्या!" वहिनीनं रागावून पाहिलं, समजावून पाहिलं. पण ती रोज हजेरीत अडखळायची आणि रोज चिडवाचिडवी नव्यानं सुरू व्हायची. शेवटी पोरगं शाळेत यायचंच बंद झालं.

मग एका संध्याकाळी त्याची आई आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. मजुरी करणारी बाई, बोलताना पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"मॅडम, तो येतच नाही म्हन्ते. पोट्टे सासरा म्हनतात त्याले. आमी दिवाळीनंतर ऊसतोडीले चाललो. शाळेसाठी त्याले आजीजवळ ठेवनार होतो. आता संगच घेऊन जातो."

उसाच्या फडात गेलेलं पोर वर्गात परत येणं किती अवघड, हे वहिनीला चांगलं माहीत होतं. बाबा बाजेवर बसून सगळं ऐकत होते. बोलली ती आई.

"लाडाच्या नावानं हाक मार ना त्याले. चारचौघांत सासऱ्याचं नाव घेशीन तं लोकं काय म्हनतीन?"

वहिनी अंगणात उतरली. त्या बाईला एवढंच म्हणाली, "ताई, उद्या सकाळी त्याले घेऊन या. मंग काय ते ठरवा."

आमची शाळा बसथांब्याला लागूनच आहे. सकाळी मी मेहकरच्या कॉलेजला जायला तिथं उभी होते. समोरच्या पारावर बाबा आणि त्यांची मंडळी नेहमीसारखी बसलेली. परिपाठ संपला. एरवी वहिनी हजेरी वर्गात घ्यायची, त्या दिवशी तिनं हजेरीपट मैदानातच मागवला. पोरगं फाटकापाशी आईला चिकटून उभं होतं. एकेक नाव होत त्याची पाळी आली. वहिनीनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि नाव घेतलं. त्याचं नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं खणखणीत, पारावर ऐकू जाईल असं.

पोरांच्या माना पाराकडे वळल्या. पोरगं नुसतं तिच्याकडे बघत राहिलं. तिनं तेच नाव पुन्हा घेतलं, या वेळी त्याच्याकडे बघून, हसून.

"हजर मॅडम!" तो ओरडला आणि आईला सोडून रांगेत पळाला. चिडवायला आता कोणाकडे काही उरलंच नव्हतं. मला वहिनीचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

पारावरच्या एकानं बाबांना डिवचलंच, "काय भाऊ, सुनेनं तं गावभर नाव पुकारलं तुमचं!" बाबा उठले आणि घराकडे निघाले. मीही बस सोडून त्यांच्या मागं गेले. म्हटलं, आता घरात महाभारत होणार, आणि वहिनीच्या बाजूनं भांडायला कोणीतरी पाहिजे.

बातमी आमच्या आधी घरी पोचली होती. आई दारातच उभी. "ऐकलं ना? म्या म्हनलंच होतं."

"ऐकलं," बाबा म्हणाले. बाजेवर बसले आणि पाणी मागितलं. गावात त्यांना कोणी भाऊ म्हणे, कोणी आबा. आई तर 'अहो'सुद्धा न म्हणता नुसती खाकरायची. मी भांडणाच्या तयारीनं तोंड उघडलं, पण तेच आधी बोलले.

"माय मेल्यापासून माह्यं नाव इतक्या मोकळ्या गळ्यानं कोनी घेतलंच नोहतं."