बाबांच्या पगाराच्या दीडपट

आता मुलाखतीला येणारी पोरं काय विचारता! खुर्चीत नीट टेकत नाहीत तोवर पगाराचा आकडा सांगून मोकळी. वर्षाचा एवढा, बोनस वेगळा, आणि आठवड्यातून दोन दिवस घरून काम करायला मिळालं तर बरं. ताई समोर बसून ऐकतात आणि गालातल्या गालात हसतात. बँकेच्या इक्विटी रिसर्च विभागाच्या त्या प्रमुख. कंपन्यांचे हिशेब वाचून कुठला शेअर घ्यावा आणि कुठला सोडावा, हे सांगणारा हा विभाग. निवृत्तीला थोडेच महिने राहिलेत. पोरांचा त्यांना राग येत नाही, उलट कौतुकच वाटतं. कारण त्यांच्या वेळी हाच आकडा घशात असा अडकला होता, की पाठीत धपाटा बसल्याशिवाय बाहेर येईना. तो धपाटा घातला बाबांनी.

तेव्हा ताई कसल्या, घरात सगळे तिला चिमीच म्हणायचे. बाबा याच बँकेच्या एका शाखेत कॅशियर. काचेमागच्या उंच स्टुलावर त्यांचा जन्म गेला. मागून आलेले पुढे गेले, साहेब झाले. बाबा आपले तिथेच. पगारवाढ मागायची म्हटली की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. आई दर वर्षी ढोसायची, "अहो, एकदा विचारून तर बघा. खाणार आहेत का तुम्हाला?" बाबा म्हणायचे, "देतील गं. त्यांना काय दिसत नाही?" त्यांना दिसलं नाही ते नाहीच. तरी पगाराच्या दिवशी घरात बाबांचा रुबाब काय सांगावा! ते आले की आई टेबलावरचा पंखा त्यांच्याकडे फिरवायची. पाकीट आईच्या हातात द्यायचं आणि मग चिमीची वेणी हलकेच ओढायची. "बोल, काय हवं?" ते आठवलं की ताईंना अजून भरून येतं. घर लहान, पगार त्याहून लहान, पण त्या संध्याकाळी बाबा राजे असायचे. ते घर आता नाही, बाबाही नाहीत.

चिमी हिशेबात हुशार. कॉलेज संपलं आणि बँकेच्या मुख्य कार्यालयात, या रिसर्च विभागात, शिकाऊ जागा निघाली. आईला काही उलगडा होईना. "म्हणजे नुसतं बसून वाचायचं? आणि त्याचा पगार देतात? मग तुझ्या बाबांना का नाही देत, ते रोज पेपर वाचतात की!"

मुलाखतीला विभागाचे मोठे साहेब होते. पाठीमागे लोक त्यांना कात्री म्हणत. कुणी कसलाही अंदाज घेऊन गेलं की तो थोडा छाटूनच ते परत देत. चिमीची उत्तरं चोख होती. एका कापड गिरणीचा ताळेबंद त्यांनी पुढे टाकला, तर नफा कुठे फुगवलाय ते तिने बोट ठेवून दाखवलं. साहेब खूश झाले. मग निघता निघता विचारावं तसं त्यांनी विचारलं, "पगाराची अपेक्षा?"

इथे घोडं अडलं. बाजारात नव्या पोरांना काय मिळतं ते चिमीला पक्कं ठाऊक होतं. तिची मैत्रीण दुसऱ्या बँकेत अशाच जागेवर नुकती लागली होती. तो आकडा बाबांच्या पगाराच्या दीडपट होता. दीडपट! बाबांनी उभा जन्म घालवला, आणि ही काल कॉलेजातून बाहेर पडलेली पोर! चिमीच्या डोळ्यांपुढे पंख्यासमोर बसलेले बाबा आले. तिने त्यांच्या पगाराहून थोडा कमीच आकडा सांगून टाकला.

कात्रींनी पेन खाली ठेवलं. "हा कुठून काढलात?"

चिमी समोरचा ताळेबंद नीट लावू लागली.

"हे बघा, आमच्याकडे कारणाशिवाय आकडा चालत नाही. स्वतःचा आकडा एवढा कमी का, हे सांगता येत नसेल तर उद्या कंपन्यांचं काय सांगणार तुम्ही? सोमवारी या. आकडा आणा आणि कारणही आणा. नाहीतर तुमच्या मागे एक मुलगा तयारच आहे."

दोन दिवस चिमी अर्ध्या ताटावरून उठत होती. रविवारी सकाळी भाजी निवडता निवडता आईने तिला बोलतं केलंच. बाबा शेजारी चहा पीत होते. सगळं ऐकून त्यांनी कप खाली ठेवला.

"मैत्रिणीला किती देतात म्हणालीस?"

"विशेष नाही हो, बाबा."

"चिमे."

मग सांगावंच लागलं. बाबांचे कान लाल झाले. ते उठले, चपला घातल्या आणि जिना उतरून गेले. चिमीला ज्याची भीती होती तेच झालं होतं.

बाबा परत आले ते न्हाव्याकडून दाढी करून! आल्या आल्या त्यांनी ऑफिसचा कोट अंगात चढवला आणि जेवणाच्या टेबलामागे ताठ बसले. "बस समोर. मी तुझा साहेब."

"अगंबाई! रविवारचं हे काय नाटक?" आई म्हणाली.

"तू शिपाई. पाणी आण."

आईने नाक मुरडलं, पण पाणी आणलं.

"हं. पगाराची अपेक्षा?"

चिमी काहीतरी पुटपुटली.

"मोठ्याने. साहेब बहिरे आहेत."

दुसऱ्या खेपेला तिने आकडाच खाली आणला. तिसऱ्या खेपेला आणखी खाली. बाबांनी टेबलावर अशी थाप मारली की पाणी हिंदकळलं. "भाजी घेतेस का गं? स्वतःशीच कसली घासाघीस करतेस? तुझा आकडा ऐकून मी लहान होईन, असं वाटतंय ना तुला?"

"हो," चिमी म्हणाली आणि तिला रडूच कोसळलं.

बाबा कोटाच्या बटणाशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "खोटं कशाला बोलू? लागेल मला. थोडं लागेलच. बापालाही लागतं, वेडे, त्यात काय! पण माझ्या पगाराचं झाकण तुझ्या डोक्यावर बसलं ना, तर आरशात बघायची सोय राहायची नाही मला. मी कधी मागितलं नाही. लोक म्हणतात, साधा माणूस. कसला साधा! भित्रा होतो. तू माग."

शिपाई पालथ्या हाताने डोळे पुसत होता.

चिमीने नाक ओढलं आणि आकडा सांगितला. सगळा, दीडपट.

"कारण?"

मग तीही सुटली. ताळेबंदाच्या तळटिपांत लपवलेलं कर्ज आपल्याला कसं सापडतं, कुठला व्यवस्थापक थापा मारतोय ते त्याच्याच जुन्या अहवालांवरून कसं कळतं, सगळं सांगत सुटली. बाबांना त्यातलं अर्धंही कळलं नसेल, पण ते साहेबासारखे मान डोलवत होते.

"थोडं कमी करा की, बाई."

"नाही, साहेब."

"अगदी थोडं?"

"नाही म्हणजे नाही!"

तिघंही पोट धरून हसली.

सोमवारी कात्रींसमोर चिमीने आकडा सांगितला आणि कारणंही सांगितली. पण कात्री ती कात्री. म्हणाले, "ठीक आहे. थोडा कमी करू."

"नाही, साहेब!" हे इतक्या जोरात निघालं की बाहेरचा शिपाई दारातून डोकावला. चिमीला वाटलं, झालं, गेली नोकरी!

कात्रींनी पेन उचललं. "हा आवाज त्या दिवशी कुठे होता?"

"घरी होता, साहेब."

"मग एक तारखेपासून रोज घेऊन या," ते म्हणाले, आणि आकडा न छाटता तसाच मंजूर केला. विभागात पुढे कित्येक दिवस याच गोष्टीची चर्चा होती.

चिमी तिथून तडक बाबांच्या शाखेवर गेली. बँक सुटायची वेळ झाली होती. बाबा बाहेर आले आणि दोघं चालत निघाली. बाबा काही विचारीनात. चपलेचा पट्टा सैल झालाय म्हणाले, फळवाल्याने भाव वाढवलेत म्हणाले. कोपरा वळल्यावर मात्र त्यांना राहवेना.

"झालं?"

"झालं."

"किती?"

चिमीने सांगितलं. बाबांची पावलं भराभर पडू लागली. तिने त्यांचा हात धरला.

"लागलं का हो, बाबा?"

"लागलं," बाबा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि तोंडभर हसू होतं. "परत सांग बघू. मोठ्याने."

आणि भर रस्त्यात, येणारे-जाणारे वळून बघत असताना, चिमीने परत सांगितलं.