पास्कोलच्या कबरीवरचा नांगर

जेवण उरकून रेजिना आडवी होते, पण डोळा लागत नाही. सकाळीच दफनभूमीच्या कमिटीचा निरोप आला आहे: पास्कोलच्या कबरीच्या दगडावर कोरलेला होडीचा नांगर उद्या घासून टाकणार. देवाच्या जागेत होडीची खूण नको म्हणे. तिचा थोरला भाऊ पास्कोल मासेमारी होडीचा तांडेल होता, रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पोरांना धर्मशिक्षण द्यायचा. जाताना त्याने तेवढा नांगरच मागितला होता.

पंख्याची घरघर लाटांसारखी होत जाते. उंबऱ्यावर पास्कोल बसला आहे, गुडघ्यापर्यंत ओला.

"दादा, तुझा नांगर खरवडणार आहेत."

"कोण?"

"आपलेच."

तो उठतो. "चल."

स्वयंपाकघराचं दार जमिनीखाली उघडतं. अरुंद बोळ, भिंतींत एकावर एक कबरी, मिणमिणते दिवे. "हे जुनं रोम," पास्कोल शेजारची आळी दाखवावी तसं सांगतो. एक बाई खिळ्याने भिंतीवर नांगर कोरते आहे. भिंतीआड तिचं लेकरू पुरलेलं आहे.

"क्रूस का नाही कोरत?" रेजिना विचारते.

"क्रूसावर माणसं मारतात इथे. उघड कोरला तर मलाही नेतील." बाई नांगराच्या दांड्यावरच्या आडव्या पट्टीवर बोट ठेवते. "हा बघ, इथे आहे. ज्याला कळायचा त्याला कळतो."

"आणि नांगरच का?"

"वादळात होडी कशाने थांबते? आमची आशा तशीच. दिसत नाही, पण तळाशी रुतलेली असते."

पास्कोलचा आवाज चढतो. "हेच शिकवलं मी पोरांना, रेजी. त्यातलाच एक आज कमिटीचा अध्यक्ष आहे. जिवावर उदार होऊन या लोकांनी जी खूण जपली, ती याला देवाच्या जागेत चालत नाही?"

रेजिनाची कानशिलं तापतात. "मी एकटी काय करू पण?"

"धर."

बोळाची होडी झाली आहे. खाली काळं पाणी, हातात ताणलेला दोर. ती जीव खाऊन ओढते. तळाचं काही हलत नाही.

"ओढू नकोस," तो म्हणतो. "नुसता सोडू नकोस."

ती वळून बघते. होडीत ती एकटीच आहे.

जाग येते तेव्हा उन्हं कलली आहेत. उजव्या तळव्यावर दोराचा पीळ लालभडक उमटला आहे. ती जीभ लावून बघते. खारट.

रेजिना हात धूत नाही. तसाच घेऊन ती अध्यक्षाच्या घराकडे निघते.