कुंदाचे कांकेरचे दौरे

कुंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दारात भाजीवालीशी भावावरून हुज्जत घालत होते. तिचे यजमान वसंतभाऊ पलीकडून एवढंच म्हणाले, "सुधाताई, कुंदा गेली." मी हातातला दुधी टोपलीत परत ठेवला, जिना चढून वरच्या खोलीत गेले आणि खिडक्या उघडायला लागले. ती येणार असली की मी हेच करायची. दोन्ही खिडक्या उघडून झाल्यावर भान आलं, की आता कोणी येणार नाही... मला रडू नाही आलं, राग आला. महिना उलटून गेला, तो अजून उतरलेला नाही. म्हणून हे लिहिते आहे. गोडगोड आठवणींची अपेक्षा असेल त्यांनी पान उलटावं.

आम्ही दोघी रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या, शाळेपासूनच्या. मी लग्न केलं नाही, इथेच राहून मास्तरकी केली. ती लग्न होऊन चौबे कॉलनीत गेली आणि शिक्षण खात्यात अधिकारी झाली. छत्तीसगड वेगळं व्हायच्या आधी तिची नेमणूक बस्तरमध्ये जगदलपूरला होती. तिथे एका शाळेत पहिलीतली एक मुलगी मास्तरांनी मुकी ठरवून मागे बसवली होती. कुंदा तपासणीला गेली, तिच्याजवळ भुईवर बसली आणि थोड्या वेळाने त्या मुलीने घरच्या बकऱ्यांचं असं काही पुराण लावलं की थांबेना. ती हलबी बोलत होती. हलबी म्हणजे बस्तरची बोली, मराठीची लांबची बहीणच म्हणा ना. पोरगी मुकी नव्हती, मास्तर बहिरा होता, असं कुंदा पुढे कायम सांगायची. त्या दिवशी तिच्या डोक्यात बसलं, की या मुलांसाठी हलबीत पहिलं पुस्तक करायचं, म्हणजे शाळेतलं पहिलं वर्ष तरी त्यांचं फुकट जाणार नाही. आठवडी बाजारात बायकांशी बोलून बोलून तिने ती बोली पक्की केली. नंतर दुसरं काही तिला इतकं महत्त्वाचं वाटलं नाही.

मग नवीन राज्य झालं आणि आमचं रायपूर राजधानी. ती रायपूरला आली ती थेट कामाच्या ढिगाऱ्यातच. भोपाळहून फायली ट्रकांनी येत होत्या, खुर्च्या होत्या तर माणसं नव्हती. तिच्या स्वतःच्या शाखेवर दुसऱ्या दोन शाखांचा प्रभार आला, कारण ती काम करते हे सगळ्यांना कळलं होतं. सरकारी कचेरीत याहून मोठा गुन्हा नाही. पुस्तकाची गोष्ट तिने मोठ्या साहेबांकडे काढली, तेव्हा ते प्रसन्न हसून म्हणाले, "बहुत अच्छा विचार है मैडम. समय निकालकर कर दीजिए."

वेळ काढून करा. हे तीन शब्द मी फार दिवस चघळले आहेत. मराठीत वेळ काढणं म्हणजे दिवस ढकलणं, आणि तिच्या कचेरीत ते सगळ्यांना उत्तम जमत होतं. जिला जमत नव्हतं, त्या एकटीने वेळ काढायचा होता. आणि काढायचा कुठून? सकाळी सासूबाईंची पूजा, डबे, नागपूरचे पाहुणे, संध्याकाळी वसंतभाऊंचं "कुंदा, माझा चष्मा कुठे आहे?" रेल्वेतून निवृत्त झालेला हा माणूस अतिशय सज्जन आणि तितकाच निरुपयोगी. रात्र थोडी सोंगं फार, अशी तिची गत. मला म्हणायची, "सुधे, जे काम कोणी मागून राहिलं ना, ते होऊन जाते. या पुस्तकासाठी मले एक फोन येत नाही. ज्या पोट्ट्यांले पाहिजे, त्यांच्याजवळ फोनच नाही."

मार्ग सापडला तो अपघाताने. एकदा शहराबाहेरच्या भनपुरीच्या शाळेची तपासणी ठरली होती आणि ती पोचली तर शाळेला कुलूप, कोणाच्या तरी तेराव्याला सगळे गेलेले. परतताना जीप तिने तात्यापाऱ्याच्या तोंडाशी सोडली आणि माझ्याकडे आली. वरच्या खोलीत बसली ती दिवेलागणीपर्यंत खाली उतरली नाही. एक अख्खा धडा झाला होता. चहा पिताना चेहरा असा होता की जणू चोरी पचली. म्हणाली, "आज मले कोणीच नाही शोधलं गं. घरचे समजले दौऱ्यावर, कचेरीवाले समजले दौऱ्यावर."

त्यातून आमची योजना निघाली. ती रीतसर रजेचा अर्ज द्यायची, आपल्या हक्काच्या रजेचा. पण तोंडी मात्र दौरा. रजा म्हटली की घरी पापड लाटायला लागतात आणि कचेरीतून फोन येतात, की घरीच आहात तर एवढं एक बघून द्या. दौऱ्यावरच्या माणसाला मात्र सरकार आणि सासू दोघेही माफ करतात. तिचा चपराशी फिरतू सामील होता. कोणीही विचारलं की तो शांतपणे आपल्या छत्तीसगढीत सांगायचा, "हव, मैडम दौरा म गे हे." मी दारात तिला विचारायची, "आज कुठे?" ती चप्पल काढत म्हणायची, "आज कांकेर." बस्तरच्या वाटेवरच्या कांकेरची सीताफळं प्रसिद्ध, म्हणून परतताना आमच्याच गल्लीच्या कोपऱ्यावरून ती सीताफळं घेऊन जायची. वसंतभाऊ मिटक्या मारत म्हणायचे, की कांकेरच्या सीताफळाची बातच और. आम्ही दोघी यावर पोट धरून हसायचो. आता विचार करते तर त्यात हसण्यासारखं काय होतं, कळत नाही. शिकलीसवरलेली, अधिकारपदावरची बाई आपलं खरं काम करायला स्वतःच्याच शहरात लपून बसत होती.

आणि तरी ते दिवस पुरेनात. दौरा ठरायचा आणि विधानसभेचा प्रश्न यायचा, कोणी मंत्री यायचे, दौरा रद्द. अंगात बारीक ताप राहायला लागला तेव्हा मी डॉक्टरकडे चल म्हणून मागे लागले. "हा हप्ता निपटू दे," म्हणाली. हप्ते निपटत गेले. शेवटी निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी आमच्याकडे पाहणंच टाळलं.

मला वाटलं, चला, आता तरी तिला सोडतील. मोजकेच धडे उरले होते. पण आजारी माणसाइतकं रिकामं दुसरं कोणी नाही अशी आपल्या लोकांची समजूत आहे. सकाळपासून भेटायला येणाऱ्यांची रीघ, प्रत्येकाला चहा, प्रत्येकाचा एक काढा. कचेरीतून फायली घरी यायच्या, "बस एक दस्तखत मैडम." पुस्तकाचे कागद तिने मागितले की सगळे ओरडायचे, आराम कर. म्हणजे सही करायला ताकद होती आणि धडा लिहायला नव्हती. एकदा बाहेरच्या खोलीत कोणी आल्याचा आवाज झाला, तशी तिने माझा हात धरला. "सांग नं त्यांना, मी दौऱ्यावर आहे म्हणून... मले तुझ्या घरी घेऊन चल." जिना चढण्याची तिची अवस्था नव्हती. मी नेलं नाही. डॉक्टर, वसंतभाऊ, सासूबाई, सगळेच नाही म्हणाले.

कचेरीत शोकसभा झाली. मेल्या म्हशीला मणभर दूध, हे मी ऐकून होते, त्या दिवशी बसून पाहिलं. मोठे साहेब गहिवरून म्हणाले, "मैडम ने कभी छुट्टी नहीं ली. जब देखो, दौरे पर." तिच्या रजेच्या प्रत्येक अर्जावर या गृहस्थांची सही आहे. वाचून सही करायची पद्धत नसावी. नंतर मी त्यांना गाठून पुस्तकाचं विचारलं. "अरे हाँ, वो किताब," ते म्हणाले, "आप चिंता मत कीजिए. हिंदी वाली है ही, उसी में दो-चार शब्द बदलवाकर निपटा देंगे." मी नमस्कार करून बाहेर आले. कागद त्यांना दिले नाहीत, आणि देणारही नाही.

गेल्या आठवड्यात वसंतभाऊ पहिल्यांदाच माझ्याकडे आले. फिरतूने त्यांना सगळं सांगून टाकलं होतं. मी पुढे केलेला पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला. मग म्हणाले, "मले काहून नाही सांगितलं तिनं? मी काय नाही म्हटलं असतं?"

"नाही म्हटलं नसतं," मी म्हणाले. "तुम्ही दुपारी जेवायला इथे आला असता."

हे बोलायला नको होतं असं लोक म्हणतील. मला तसं वाटत नाही. ते फक्त म्हणाले, खोली दाखवा. वर गेल्यावर तिच्या खुर्चीवर अवघडून बसले आणि समोरचे कागद ओढले. चष्मा खिशातूनच काढला. अक्षरांखाली बोट फिरवत मोठ्याने वाचायला लागले, "मोचो घर. मोचो आया." थांबून माझ्याकडे पाहिलं. "सुधाताई, हे तर मले समजून राहिलं. माझं घर, माझी आई."

समजणारच. मराठी माणसाला न समजण्यासारखं त्यात काही नव्हतंच. एवढी वर्षं तिच्या पुस्तकाचा पहिला वाचणारा तिच्याच ताटासमोर बसून लोणचं मागत होता. तिने हे ऐकलं असतं तर... पण ती घरात हे वाचून दाखवायला कधी बसली असती?

त्यांनी पुढची ओळ वाचली, "तुचो नाव काय आय?" आणि जरा थांबून, पहिलीतल्या पोरासारखं, हळूच उत्तर दिलं, "वसंत."

मग पान उलटलं. मागचं पान कोरं होतं. त्यांनी ते पुन्हा उलटून पाहिलं, खालचे कागद चाळले.

"पुढचा धडा कुठं आहे?"

"नाही," मी म्हणाले. "तो लिहायला ती येणार होती."