आमच्या भिंतीवरची पूररेघ

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या गावचे नाही म्हणून, बहुतेक. नदीच्या अलीकडे, बालाघाट जिल्ह्यातल्या खैरलांजीकडच्या सरकारी शाळेत मी आयुष्यभर हिंदीतून शिकवलं. घरात मात्र मराठी. आणि ज्या बाईंबद्दल लिहितोय त्या माझ्याशी मराठीतच बोलायच्या, म्हणून हे मराठीत.

आधी त्यांच्याबद्दल सांगतो. ते सोपं आहे.

वैशाली मॅडम. वैनगंगेच्या पलीकडच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या. पुराचा नवा नकाशा करायला दोन्ही राज्यांनी मिळून माणसं नेमली, त्यांत त्या होत्या. जुना नकाशा कसा होता, माहीत आहे? नदीच्या मधोमध संपायचा. त्यांच्या नकाशात आमचा काठ कोरा, आमच्या नकाशात त्यांचा. जणू पाणी सरहद्द बघून थांबतं! पाणी मोजायच्या पट्ट्याही दोन काठांवर दोन तऱ्हेच्या — त्यांचं शून्य वेगळं, आमचं वेगळं. आमचा माणूस फोनवर एक आकडा सांगायचा आणि तिकडचा त्यातून भलतंच काही समजायचा. मॅडमनी आमच्या बालाघाटच्या एका सर्वेअरला सोबत घेतलं आणि डोंग्यातून या काठाहून त्या काठाला फेऱ्या मारत ती दोन शून्यं जुळवली. वाचायला दोन ओळींचं काम आहे. वैशाखातलं आमच्याकडचं ऊन ज्यानं सोसलंय त्याला कळेल ते काय होतं.

नंतर त्या गावात आल्या. घरोघर.

आमच्याकडे एक रीत आहे. पूर ओसरला की घरातलं मोठं माणूस, पाणी भिंतीवर जिथवर चढलं तिथे गेरूची रेघ ओढतं. दिवाळीला छुईनं, म्हणजे पांढऱ्या मातीनं, भिंती पोतारतात तेव्हा तेवढी वीतभर पट्टी सोडून देतात. रेघ पुसायची नसते. कुणी सांगत नाही, कुणी विचारत नाही — नसते म्हणजे नसते. मॅडमच्या आधी किती साहेब येऊन गेले, पण भिंतीकडे कुणी बघितलं नव्हतं. त्यांनी बघितलं. रेघेवर तळहात ठेवायच्या, यंत्र लावायच्या, लिहायच्या. आणि संध्याकाळी पंचायतीच्या ओट्यावर बसून दिवसभराचं सगळं मोठ्यानं वाचून दाखवायच्या. अमक्याच्या घरी इतकं, तमक्याच्या घरी इतकं. चुकलं असेल तर बोला म्हणायच्या. लोक भांडायचे, हसायचे, जुन्या पुराच्या गोष्टी निघायच्या. मी इतकी वर्षं हजेरी घेतली, पण इतका चोख कधी नव्हतो. मला त्यांचा फार आदर वाटायचा. अजूनही वाटतो.

मग मी काय केलं?

सांगतो. आमच्या गल्लीत जुनं मातीचं घर एकच उरलं होतं — माझं. बाकीची सगळी घरकुलाची, सिमेंटची, वडिलांच्या वेळच्या मोठ्या पुरानंतर उठलेली. त्यांच्यावर रेघ कुठून असणार? म्हणजे अख्ख्या गल्लीत साक्षीला एकच भिंत. तिच्यावर माझ्या वडिलांनी ओढलेली रेघ होती, माझ्या छातीइतकी उंच.

माझ्या मुलासाठी स्थळं येत होती. पाहुणे यायचे, पाणी प्यायचे, बोलता बोलता नजर भिंतीवर जायची. चहा होईपर्यंत सगळं गोड. नंतर निरोप नाही. बुडत्या घरात पोरगी कोण देईल? असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा लालबर्ऱ्याचं स्थळ आलं. चांगली माणसं, मुलगी शिकलेली. ते यायच्या आदल्या दिवशी मी छुई कालवली आणि भिंत वरपासून खालपर्यंत पोतारली. मीच. बायको हयात असती तर तिनं माझ्या हातातून पोतेरं काढून घेतलं असतं. पण ती नव्हती, आणि मी होतो. सोयरीक जुळली.

महिनाभरानं मॅडम आमच्या गल्लीत आल्या. त्यांनी भिंतीवर हात ठेवला, इकडेतिकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्याकडे रेघ नाही?"

लग्नाची तारीख निघाली होती. मुलीचा मामा आमच्याच गावात, अलीकडेच राहायला आलेला, रोज संध्याकाळी ओट्यावर हजर. संध्याकाळी माझ्या घराचा आकडा मोठ्यानं वाचला जाणार होता — हे सगळं त्या एका क्षणात डोक्यातून गेलं. मी म्हटलं, पाणी पायरीला लागून गेलं होतं, आत आलं नाही.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. शाळामास्तर सांगतोय म्हटल्यावर का विचारतील? खोटं बोलणाऱ्या पोरांचे कान मी ज्या हातानं पिळले, त्याच हातानं मी त्यांना पायरी दाखवली. संध्याकाळी वाचन झालं. दोन-तीन म्हातारी माणसं जमिनीकडे बघत राहिली. त्यांना ठाऊक होतं. पण ठरलेलं लग्न कुणी मोडत नाही आमच्याकडे. गप्प बसणं त्यांचं होतं, खोटं माझं होतं. नकाशात आमची गल्ली पिवळी, म्हणजे कमी धोक्याची झाली. लाल असायला हवी होती.

एवढंच असतं तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं.

त्याच वर्षी श्रावणात पाणी आलं. आणि काय सांगू — ती सगळी व्यवस्था इतकी सुरेख चालली! वरच्या धरणाचे दरवाजे उघडायच्या आधी इकडून तिकडे फोन गेले, तिकडून पाणी मागे फुगत असल्याची खबर इकडे आली, दोन्हीकडचा आकडा एकच होता. लाल गल्ल्यांत सकाळीच ट्रॅक्टर-ट्रॉल्या लागल्या. म्हातारीकोतारी, पोरंबाळं, गुरंढोरं, धान्याची पोती, सगळं वेळेत उंचावर. दोन्ही काठांवर एक माणूस दगावला नाही. माझ्या आठवणीत असं कधी झालेलं नाही. हे त्या बाईंचं आणि त्यांच्यासोबतच्या माणसांचं काम होतं, आणि मी ते डोळ्यांनी बघितलं.

पिवळ्या गल्ल्यांसाठी ट्रॉल्या नंतर येणार होत्या.

शेजारच्या घरकुलात भागीरथाकाकू राहायची. विधवा, सात शेळ्या, त्यांच्यावरच तिचं सगळं. ती आमच्या गल्लीत नंतर आलेली, जुन्या पाण्याची तिला कल्पना नव्हती. सकाळी नऊच्या सुमारास ती माझ्या दारात आली.

"गुरुजी, पाणी चढून राह्यलं म्हणतेत. शेळ्या शाळेकडे नेऊ का म्या? तुमाले काय वाटते?"

मला काय वाटत होतं? मला माहीत होतं. दुपारपर्यंत इथे छातीइतकं पाणी होईल, हे त्या गल्लीत माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण माझ्यामागे दारात नवी सून उभी होती. तिच्यासमोर काय म्हणू? — की ही गल्ली बुडते? की बुडते हे मला आधीपासून ठाऊक आहे?

मी म्हटलं, "काहून घाबरता? नकाशात आपली गल्ली पिवळी आहे. ट्रॉली आली का सगळेच जाऊ."

"हौ," म्हणाली आणि गेली. माझ्यावर विश्वास ठेवून गेली. हीच ती गोष्ट. रेघ पोतारली ते लग्नासाठी, पायरी दाखवली ती भीतीनं, पण त्या सकाळी मी एका बाईला जाणूनबुजून पाण्यात थांबवलं. सोबत माझ्या सुनेलाही.

अकरापर्यंत पाणी अंगणात होतं, बाराला खिडकीशी. आम्ही काकूच्याच घरकुलाच्या छतावर चढलो. शेळ्या खाली गोठ्यात बांधलेल्या. काकू दोनदा उतरली, दुसऱ्यांदा एक पिल्लू डोक्यावर घेऊन वर आली. बाकीच्या सहांचा आवाज थोडा वेळ येत होता, मग थांबला. काकू रडली नाही. ती पिल्लाचं अंग पदरानं पुसत बसली. डोंगा आला तेव्हा पाणी माझ्या भिंतीवर बरोबर तिथेच पोचलं होतं जिथे वडिलांनी दाखवलं होतं.

आठ दिवसांनी वैशाली मॅडम आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. रस्ता वाहून गेला होता, तर घाटापासून चिखल तुडवत चालत आल्या, चपला हातात. दोन्ही राज्यांच्या बैठकीत त्यांनी उभं राहून सांगितलं होतं म्हणे, की सगळा नकाशा बरोबर निघाला, एक गल्ली चुकली, आणि "ती चूक माझी आहे. नुसत्या सांगण्यावर मी लिहायला नको होतं, दुसरी खूण शोधायला हवी होती." कुणाच्या सांगण्यावर, ते नाव त्यांनी घेतलं नाही. त्यानंतर त्यांना नदीच्या कामावरून काढून कुठल्याशा आतल्या कचेरीत बसवलं. हे मला सर्वेअरनं सांगितलं.

गल्लीत त्या प्रत्येक दारात थांबल्या. काकूसमोर हात जोडले. काकू म्हणाली, "बाई, तुमचा काय दोष? पाणी कोनाले सांगून येते?" आणि त्यांना बसायला पोतं अंथरलं. मी शेजारीच उभा होतो. तोंड उघडायला तेव्हा वेळ होता, माणसं होती, कारणही होतं. लग्न होऊन गेलं होतं, सून घरात नांदत होती. कशाची भीती उरली होती? मी तोंड उघडलं नाही.

मग त्या माझ्याकडे वळल्या. डोळे भरले होते. म्हणाल्या, "गुरुजी, तुमचंही घर माझ्यामुळे बुडालं. मला माफ करा."

मी म्हटलं, "असू द्या, मॅडम. होते कधी कधी."

मी त्यांना माफ केलं.