लालपेन यांचा मॉडेम

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक मुद्रितशोधक राहतात. मुद्रितशोधक म्हणजे प्रूफरीडर, पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका काढणारा माणूस. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं. इमारतीत त्यांना सगळे लालपेन म्हणतात, आणि ते नाव मीच ठेवलंय, हे इथे कबूल करून टाकतो. पाण्याची टाकी धुणार म्हणून मी सकाळी फळ्यावर सूचना लावली, ती संध्याकाळी लाल शाईत न्हाऊन निघाली होती. चार ओळींत अकरा चुका. अकरावी खरं म्हणजे चूक नव्हतीच. त्यांना ते वाक्य आवडलं नव्हतं, एवढंच.

माणूस मात्र लाखात एक. कुणाचं वाईट बोलणार नाही, कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. फक्त समोर अक्षर आलं की त्यांचा ताबा सुटतो. औषधाच्या बाटलीवरचं लेबल ते ओळीखाली पट्टी धरून वाचतात. एकदा तापाने फणफणले असताना त्यांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीतला ऱ्हस्व-दीर्घ सुधारून दिला होता, आणि मगच गोळी घेतली.

निवृत्त झाल्यावरही छापखाना त्यांना घरी काम पाठवायचा. कागदांचा गठ्ठा यायचा, लाल होऊन परत जायचा. मग एके दिवशी छापखान्याच्या मॅनेजरचा फोन आला.

"आता कागद बंद केलेत आम्ही. मधमाश्यांवरचं पुस्तक आहे, चारशे बारा पानं. मेलवर पाठवतो. तुमच्याकडे इंटरनेट आहे ना?"

"आहे," लालपेन म्हणाले. फोन ठेवला आणि आतल्या खोलीकडे वळून बायकोला विचारलं, "अगं, आपल्याकडे इंटरनेट आहे का?"

नव्हतं. संगणक होता. बायकोची धाकटी बहीण, म्हणजे लालपेन यांची मेहुणी, परगावी एका कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत होती. चाळीस संगणक आणि त्यांच्यासमोर बसलेली चाळीस टाळकी ती एकाच आवाजात गप्प करायची. तिच्या प्रयोगशाळेने मोडीत काढलेला एक संगणक तिने पाच वर्षांपूर्वी बहिणीच्या घरी आणून बसवला होता. "भाऊजी, यात नेहमीची प्रणाली नाही, लिनक्स आहे. व्हायरस येत नाही, बंद पडत नाही, आणि मला विचारल्याशिवाय यात काही करायचं नाही." लालपेन यांनी पाच वर्षं तसं काहीच केलं नव्हतं. ते त्यावर पत्र लिहायचे आणि पत्ते खेळायचे.

आता त्यांनी बाजारातून एक मॉडेम आणला. बोटाएवढी पांढरी कांडी. तिच्या पोटात मोबाइलचं सिमकार्ड घालायचं, ती संगणकाच्या यूएसबीच्या खाचेत खुपसायची, की इंटरनेट चालू. खोक्यावर लिहिलं होतं, 'लावा, आणि सुरू!' त्यातला स्वल्पविराम अनावश्यक आहे, हे त्यांनी दुकानदाराला तिथेच सांगितलं.

मॉडेम लावला. सुरू काही झालं नाही. पडद्यावर एक चकतीचं चित्र उगवलं. तसलंच एक चित्र तिथे आधीपासून होतं, पण ते यंत्राचंच असावं अशी त्यांची समजूत होती. जोडणीचं बटण दाबलं तर पडद्यावर मराठीत एक ओळ आली, 'जोडणी होऊ शकली नाहि.'

"बघितलंस?" लालपेन बायकोला म्हणाले.

"काय, लागत नाही?"

"लागत नाही ते राहू दे. 'नाही'तला हि पहिला आहे!"

मेहुणीला फोन गेला. ती म्हणाली, "सोपं आहे. काळी खिडकी उघडा आणि मी सांगते ते टाइप करा. सगळी छोटी अक्षरं. एल, एस, यू, एस, बी. झालं? आता एंटर. काय म्हणतोय?"

"कमांड नॉट फाउंड."

"अशी कशी नाही? पुन्हा करा."

पुन्हा केलं. पुन्हा तेच. मेहुणीने सांगितलेली दुसरी आज्ञा दिली, तिसरी दिली. संगणकाला एकही आज्ञा सापडेना. दुसऱ्या दिवशी तेच आणि तिसऱ्या दिवशीही तेच. मेहुणीची जेवणाची सुट्टी रोज यातच जायची. तिच्या प्रयोगशाळेतले प्राध्यापक मानगुटीशी येऊन उभे राहायला लागले. शेवटी ती म्हणाली, "भाऊजी, तो संगणक खलास झालाय. फेकून द्या."

"खलास झालाय ते मान्य," लालपेन म्हणाले, "पण त्याला विरामचिन्हंही येत नाहीत, हे तुला सांगायचं होतं. तीन दिवस बघतोय. आपली आज्ञा परत म्हणून दाखवतो, तिच्यापुढे पूर्णविराम देतो आणि त्याला चिकटून लगेच अपूर्णविराम! पूर्णविरामानंतर दोन ठिपके कुठल्या व्याकरणात बसतात?"

पलीकडे डबा बंद केल्याचा आवाज आला.

"भाऊजी."

"बोल."

"तो पूर्णविराम कोण देतंय? तो, की तुम्ही?"

"मी देतोय. वाक्य संपलं की देऊ नको?"

मेहुणी जे बोलली ते लालपेन यांनी मला सांगितलं नाही. एवढं कळलं की, तिने फोन बहिणीकडे द्यायला लावला आणि फर्मान काढलं, "ताई, आजपासून टाइप तू करायचं. त्यांना कीबोर्डला हात लावू देऊ नकोस. त्यांनी फक्त वाचायचं."

हे मात्र बरं झालं. वाचायचं काम लालपेन यांच्याइतकं कुणीच केलं नसतं. मेहुणीने संगणकाची रोजनिशी उघडायला लावली. हे यंत्र सुरू झाल्यापासून आपल्याला काय काय दिसलं, ते सगळं ओळीने लिहून ठेवतं म्हणे. सातशेच्या वर ओळी होत्या. "भाऊजी, शेवटच्या दहा वाचा," मेहुणी म्हणाली. पण पुस्तक मधूनच वाचायला घेणं त्यांच्या तत्त्वात बसेना. त्यांनी पडद्याला पट्टी लावली आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. मेहुणीने फोन तसाच टेबलावर ठेवला, एक तास शिकवला आणि परत आली तेव्हा ते सहाशे नव्वदाव्या ओळीवर होते.

"इथे एक चूक आहे," ते म्हणाले. "मॉडेम लावला त्या वेळची नोंद आहे. पण याने लिहिलंय, सीडी ड्राइव्ह सापडला, एसआर वन. मी सीडी लावलेलीच नाही."

"चूक नाही ती! सापडलं!" मेहुणी एवढ्याने ओरडली की, तिच्याकडची चाळीस टाळकी दचकली असणार. "अहो, तो मॉडेम सोंग घेतो. त्याच्या पोटात दुसऱ्या संगणकांसाठी लागणारी सामग्री भरलेली असते. म्हणून तो आधी आपण सीडी असल्याचं भासवतो. ती सीडी बाहेर काढ म्हटलं की मग लाजेकाजेस्तव मॉडेम होतो."

"म्हणजे वेश पालटून आलाय."

"तसंच समजा. ताई, लिही. इजेक्ट. ई, जे, ई, सी, टी. लिहिलंस? आता जागा सोड."

ताईंनी आज्ञाधारकपणे जागा सोडली. म्हणजे खुर्चीवरून उठल्या. उठताना गुडघा दुखला, म्हणून त्यांनी टेबलाचा आधार घेतला, तो नेमका एंटरच्या बटणावर, आणि आज्ञा अर्धीच गेली.

संगणकाच्या पोटात खरखर झाली. पाच वर्षांत जेमतेम एकदा उघडलेला सीडीचा ट्रे कण्हत कण्हत बाहेर आला. आत एक सीडी होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'गुडघेदुखीसाठी सोपे व्यायाम'.

दोघं नवरा-बायको त्या सीडीकडे बघत राहिले. आता हे सांगायला हवं की, त्यांच्या शेजारच्या घरात एक निवृत्त नर्सबाई राहतात. चार वर्षांपूर्वी त्यांनी ही सीडी ताईंना दिली होती. ताई म्हणायच्या परत केली, नर्सबाई म्हणायच्या नाही केली. त्यावरून शब्दाने शब्द वाढला, आणि तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. जिन्यात समोरासमोर आल्या तर दोघीही दिव्याच्या बल्बकडे बघायच्या.

"ट्रे आत ढकला," ताई म्हणाल्या.

"हॅलो, काय झालं? ताई?" फोन ओरडत होता.

"काही नाही गं. जागा म्हणजे कुठली जागा ते नीट सांग."

दुसऱ्या खेपेला रिकामी जागा आज्ञेतच सोडली, पुढे एसआर वनचा पत्ता लिहिला, शेवटी पूर्णविराम नाही याची लालपेन यांनी पट्टी लावून खात्री केली, आणि एंटर. मॉडेमवरचा लाल दिवा विझला. दोन सेकंद काहीच नाही. मग हिरवा लागला. पडद्यावरची चकती नाहीशी झाली आणि यादीत एक नवीन ओळ आली, 'मोबाइल ब्रॉडबँड'. दोन्हीकडून जल्लोष झाला.

जोडणीचं बटण दाबलं. 'जोडणी होऊ शकली नाहि.'

आता रेंज नव्हती. मोबाइल घेऊन लालपेन घरभर फिरले. स्वयंपाकघरात एक काडी, न्हाणीघरात शून्य, गॅलरीत दीड. गॅलरीच्या टोकाला जाऊन कठड्यावरून हात पलीकडे नर्सबाईंच्या गॅलरीत घातला, तर चार काड्या. टॉवर त्या बाजूला होता.

"तुम्ही जा," ताई म्हणाल्या.

"सीडी तुझ्याकडे निघाली."

"इंटरनेट तुम्हाला हवंय."

शेवटी दोघंही गेले. ताईंच्या हातात सीडी, लालपेन यांच्या हातात मॉडेम आणि पाच मीटर वायर. दार उघडलं. नर्सबाईंनी सीडी बघितली, मग ताईंचं तोंड बघितलं, मग नजर सरळ खाली गेली.

"गुडघे कसे आहेत?"

"दुखतात हो," ताई म्हणाल्या आणि त्यांना रडूच आलं.

"दुखणारच. चार वर्षं व्यायाम नाही. आत या. आणि यांच्या हातात काय आहे? थर्मामीटर?"

तासाभराने मॉडेम साबणाच्या डबीत बसून नर्सबाईंच्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर चिमट्याने लटकत होता. वायर कठड्यावरून लालपेन यांच्या घरात आली होती. नर्सबाईंना एवढंच सांगितलं की, याच्यावर जरा लक्ष ठेवा. ते सांगायला नको होतं. चौतीस वर्षं वॉर्ड सांभाळलेली बाई ती. तिने खुर्ची ओढून दोरीखाली बैठक मारली.

इकडे ताईंनी आज्ञा दिली, बटण दाबलं, आणि पडद्यावर पहिल्यांदाच 'जोडणी झाली' आलं. त्याच क्षणी भिंतीपलीकडून किंकाळी आली.

"अहो! निळा पडला! हिरवा होता, एकदम निळा पडला!"

"चांगलं आहे ते!" लालपेन ओरडले.

"निळा पडणं चांगलं कसं असेल? श्वास चालत नाहीये त्याचा!" आणि नर्सबाईंनी डबी दोरीवरून काढून दोन जोरदार हिसके दिले. वायर निसटली. पडद्यावर पुन्हा ती 'नाहि'वाली ओळ.

असं तीनदा झालं. निळा म्हणजे तब्येत उत्तम आणि लाल म्हणजे धोका, हे नर्सबाईंच्या गळी उतरवायला फोनवरून मेहुणीला बोलावं लागलं. मेहुणीने आवाज चढवला, नर्सबाईंनीही चढवला. दोघी तोडीस तोड निघाल्या आणि पाच मिनिटांत त्यांचं असं काही जमलं की, पुढे इमारतीतली कुठलीही बातमी लालपेन यांना मेहुणीकडून आधी कळायची, घरातून नंतर.

चौथ्यांदा जोडणी टिकली. पण मधमाश्यांची पानं उतरवून घेण्याऐवजी लालपेन यांनी आधी त्या लिनक्सचं मराठी करणाऱ्या मंडळींचा पत्ता शोधला आणि बायकोला पत्र सांगायला लागले. "महोदय, 'नाही'मधील ही दीर्घ असतो..."

"पुस्तक उघडा आधी!" ताई म्हणाल्या.

"असल्या 'नाहि'वर मी मधमाश्या उतरवू शकत नाही."

पत्र गेलं. आठवड्याभरात उत्तर आलं. त्यांनी आभार मानले होते, चूक सुधारतो म्हणाले होते, आणि आणखी दोन हजार वाक्यं तपासून द्याल का, असं विचारलं होतं. लालपेन यांनी ते उत्तर मला वाचून दाखवलं. त्यातही तीन चुका होत्या, पण त्यांचे डोळे भरून आले होते.

मधमाश्या उतरायला अख्खी दुपार लागली. पुस्तक वेळेवर गेलं, मग भूमितीचं आलं, मग बागकामाचं. रोज सकाळी नर्सबाई भिंतीपलीकडून आवाज द्यायच्या, "निळा आहे, स्थिर आहे," आणि इकडे काम सुरू व्हायचं. दीड वर्षाने एकदा वाऱ्याने चिमटा सुटला आणि डबी खालच्या पाण्याच्या बादलीत पडली. नर्सबाईंनी मॉडेम बाहेर काढला, पुसला, पालथा धरला, तासभर उन्हात ठेवला आणि मग घड्याळ बघून मृत्यूची वेळ सांगितली. सकाळी आठ वाजून दहा मिनिटं.

मेहुणीने नवीन मॉडेम पाठवला. लालपेन यांनी पट्टी घेतली, ताई टाइप करायला बसल्या, नर्सबाई पलीकडे खुर्चीवर. मॉडेम लावला आणि तो सरळ चालूच झाला. चकती नाही, सोंग नाही, एक आज्ञा द्यावी लागली नाही.

लालपेन यांनी मेहुणीला फोन लावला. "अगं, हा काही बोलतच नाही."

"म्हणजे चालत नाही?"

"चालतोय."

"मग झालं की, भाऊजी!"

"झालं," ते म्हणाले, आणि पट्टी हातात धरून त्या कोऱ्या काळ्या खिडकीकडे थोडा वेळ तसेच बघत बसले.